आधी काट्यावर, मग खुर्चीत

सरांच्या खोलीत पाहुण्यांसाठी खुर्ची एकच होती आणि तिच्या वाटेत वजनाचा काटा होता. एका बाजूला लोखंडी कपाट, दुसऱ्या बाजूला लसीकरणाच्या जुन्या तक्त्यांची चळत. त्यामुळे काट्याला वळसा घालून जायची सोयच नव्हती. विद्यार्थी असो, औषध कंपनीचा माणूस असो, नाहीतर खुद्द डीन असोत, सरांचं सगळ्यांना एकच सांगणं असे, "आधी काट्यावर, मग खुर्चीत." डीन पहिल्यांदा आले तेव्हा रागावून परत गेले होते म्हणतात. पुढच्या खेपेला मात्र बूट काढून चढले आणि खाली उतरताना "बुटाशिवाय बरं दिसतंय" म्हणाले.

मी दोन वर्षं त्या खुर्चीत बसले नाही. दारात उभी राहूनच बोलायचे. माझं वजन हा माझा प्रश्न आहे, तुमच्या खात्याचा नाही, असं मी एकदा सुनावलंही होतं. त्यावर सर म्हणाले, "बरूबर हाय, बाई. उभ्यानं बोला." सगळं कॉलेज मला मॅडम म्हणे, ते एकटे बाई म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. सुरुवातीला मला त्याचाही राग यायचा. माझा स्वभाव तापट आहे आणि पुण्यात वाढल्यामुळे आपलं तेवढं बरोबर असा एक समज अंगात मुरलेला होता.

सर बावड्याचे. अर्धं आयुष्य इंदापूर तालुक्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रांत घालवून, केस पिकल्यावर पुढचं शिक्षण घेऊन ते बारामतीत आमच्या मेडिकल कॉलेजात शिकवायला आले होते. विषय सामाजिक आरोग्य. वर्गात इंग्रजीत सुरुवात करत, पण एखादं मूल दगावल्याची गोष्ट निघाली की दुसऱ्या वाक्यातच बावड्याला पोचत. टेबलाखाली लस न्यायचा एक निळा डबा असे. त्यात बर्फ आणि ताकाची बाटली. मी नियमावर बोट ठेवून म्हटलं, सर, हा लसीचा डबा आहे. "बाद झालाय, बाई. माज्यासारखाच. पर गार ठेवतो अजून," असं म्हणत त्यांनी मलाही एक पेला पुढे केला. ताक खारट होतं.

आमच्याकडे नियम असा की प्रत्येक शिक्षकाकडे आठ-आठ विद्यार्थी सोपवायचे. शिक्षकानं त्यांचा मेंटॉर व्हायचं, म्हणजे महिन्यातून एकदा भेटायचं, झोप, जेवण, अभ्यास, ताण अशा चौकटींत खुणा करायच्या आणि खाली दोघांनी सह्या करायच्या. माझे फॉर्म कॉलेजात सगळ्यांत नीटनेटके असत. सरांचे फॉर्म कोरे. त्याऐवजी त्यांनी आपल्या आठ पोरांसाठी अंगणवाडीतली कार्डं आणली होती, ती हिरव्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांची, लहान लेकरांच्या वजनाची, आणि त्यांवरचे किलोचे आकडे खोडून मोठ्यांचे घातले होते. एकोणीस-वीस वर्षांची मिशा फुटलेली पोरं दर महिन्याला येऊन काट्यावर चढत, सर वजन मोठ्यानं सांगत आणि एक ठिपका काढत. पोरं ताक पिऊन जात. मेंटॉरिंग संपलं.

"ह्यातून काय कळतं, सर?" मी विचारलं होतं.

"एका ठिपक्यातनं काय बी कळत न्हाय. दोन झालं की रेघ हुती. रेघ कुठं चाललीय एवढंच बघायचं."

मी त्या वर्षी याच विषयावर संशोधन करत होते. मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं नातं कसं आहे, त्याचा पोरांना उपयोग होतो का, याचा अभ्यास. वीस वाक्यांची इंग्रजी प्रश्नावली केली होती, प्रत्येक वाक्याला एक ते पाच गुण. पाच म्हणजे पूर्ण सहमत. समितीची मंजुरी, गोपनीयतेची हमी, सगळं यथासांग. पुण्याच्या एका परिषदेत निबंध वाचायचा होता. एव्हाना मी आरशासमोर उभी राहून सरावही सुरू केला होता.

त्याच थंडीत सर मला सोमेश्वरनगरला घेऊन गेले. साखर कारखान्याजवळ ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या होत्या आणि सरांना तिथल्या लेकरांची वजनं करायची होती. मी जायचं कारण साधं होतं, त्यांच्या गाडीला धक्का द्यायला कुणीतरी हवं होतं. एका कोपीत एक किरकिरं लेकरू होतं. सरांनी आईला विचारलं, "जेवतंय का गं?"

"व्हय की साहेब. चांगलं जेवतंय. बरं हाय."

सर बाहेर आले. त्यांनी पहिल्या कोपीपासून सुरुवात केली आणि ओळीतली सगळी लेकरं मोजली. धडधाकट पोरंसुद्धा झोळीत बसवून मोजली. तास गेला. मी कंटाळून म्हटलं, ज्याचं बघायचंय त्याचंच बघा ना.

"एकालाच मोजलं तर त्या आईला वाटनार, आपल्यावरच बोट ठिवलं. समदी आळी मोजायची. मग कुनाला लाज न्हाय."

त्या किरकिऱ्या लेकराचं वजन फार कमी भरलं. परत येताना मी तणतणत होते की त्या बाईनं धडधडीत खोटं सांगितलं. सरांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "खोटं न्हाय सांगितलं, बाई. आपल्या तोंडाकडं बघून सांगितलं. साहेब लांबनं आलाय, त्याला वाईट कशाला वाटू द्यावं!" मला ते तेव्हा नुसतं भाबडेपण वाटलं.

पंधरा दिवसांनी प्रश्नावल्या भरून आल्या. सगळ्यांत कमी गुण सरांना. त्यांच्या पोरांनी दोन-दोन, तीन-तीन देऊन ठेवले होते आणि शेरे तर विचारू नका. 'सर अभ्यासाचं विचारतच नाहीत.' 'सर वजन ओरडून सांगतात, शेजारच्या खोलीत ऐकू जातं.' 'ताकात मीठ जास्त.' म्हाताऱ्या माणसाला एकदम धक्का नको म्हणून मी हे हळूच सांगायला गेले. दारात उभी राहून वाचून दाखवलं. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"खरं हाय की. मीठ जास्तच पडतं माज्या हातनं." मग चष्मा परत लावत म्हणाले, "भेत न्हाईत कार्टी. बरं हाय. आन तुमाला किती दिलं?"

मला सगळ्यांनी चार-पाच दिले होते. आणि एकीनं, हे सांगताना मी थोडी ताठ उभी राहिले असेन, वीसच्या वीस वाक्यांना पाच. शेऱ्यात, 'मॅडम खूप चांगल्या आहेत.'

सरांचं हसू गेलं. "समद्याला पाच?"

"हो."

"बाई, सख्खी आई बी आपल्याला वीसच्या वीस देनार न्हाय. कोन हाय ती?"

प्रश्नावलीवर नावाऐवजी आकडा होता आणि कुठला आकडा कुणाचा याची यादी माझ्या खणात होती, त्यामुळे नाव मला ठाऊक होतं. पण मी गोपनीयतेची हमी लिहून दिली होती आणि ती मोडणार नाही असं मी त्यांना ठणकावून सांगितलं.

"मग नगा सांगू," सर म्हणाले. "समदी आळी मोजू. उद्या तुमच्या आठी पोरींना हितं आना."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सात जणी आल्या. आठवी आली नाही. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून सरांना कळलं असावं. आठवी म्हणजे रुबिना, इंदापूरची. तिच्या खोलीतली मुलगी म्हणाली, "ती काल गादी बांधून घरी गेली. परत येणार नाही म्हणाली. मॅडम, तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. आणि आता लपवून काय करू, गेले दोन महिने मी तिला बसवून असं भेटलेच नव्हते. जिन्यात गाठून सह्या घेतल्या होत्या आणि चौकटी मीच भरल्या होत्या. जेवण समाधानकारक. झोप समाधानकारक. सोमवारपासून दुसरी चाचणी होती. ती बुडवली की वार्षिक परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि पहिलंच वर्ष असं सोडून गेलेली मुलगी पुन्हा डॉक्टर व्हायला येत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सरांनी प्रवेशाच्या वेळच्या आरोग्य तपासणीचं रजिस्टर काढलं, एका नव्या कार्डावर तिच्या तेव्हाच्या वजनाचा, एकोणपन्नास किलोचा, ठिपका दिला आणि काटा काखेत मारला. "चला."

इंदापुरात बाजाराच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या, आणि दाराशी पाटावर बसून रुबिना तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळत होती. आम्हाला बघून तिच्या हातातली तार खाली पडली. वडील लगबगीनं उठले.

"या की साहेब, या मॅडम. कॉलेजला सुट्टी हाय म्हनली, म्हून आली." मग सरांकडे निरखून बघत म्हणाले, "तुमी आदी बावड्याच्या दवाखान्यात हुता का वो? हिला लस तुमीच टोचली असंल."

माझ्या तोंडून खरं काय ते बाहेर पडणार, तेवढ्यात सरांनी काटा फरशीवर आपटला. "मिस्त्री, आदी काट्यावर."

वडील चढले. मग शेजारचा चहावाला चढला. मग मोटार घ्यायला आलेले काटी गावचे दोन शेतकरी. रुबिनाची आई आतून हात पुसत आली, लाजत लाजत चढली. बघता बघता गल्ली जमली आणि सर गोदामातल्या हमालासारखे आकडे पुकारत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी बी." दोन वर्षं जपलेलं माझं गुपित इंदापूरच्या भर बाजारात जाहीर झालं. एका आजीनं "बरी हाय की, खात्यापित्या घरची" असा शेराही दिला. मी निमूट उतरले.

शेवटी रुबिना. सर आकडा पुकारायला तोंड उघडून गप्प राहिले. बेचाळीस. पाटावर बसून त्यांनी कार्ड गुडघ्यावर घेतलं, दुसरा ठिपका काढला, दोन्ही जोडले आणि ते कार्ड आधी तिच्या हातात दिलं, मग वडिलांच्या. वडिलांनी रेघेवरून काळं बोट फिरवलं. जेवण समाधानकारक, हे फॉर्मवर माझ्याच अक्षरात होतं.

गल्ली पांगल्यावर आम्ही आत बसलो. हळूहळू ती बोलली. मेसमध्ये सगळ्या मुली इंग्रजीत बोलतात. आपण तोंड उघडलं की हसतील म्हणून ती जेवणाच्या वेळी लायब्ररीत बसे आणि मेस रिकामी झाली की जाई. तोवर बहुतेकदा भांडी घासायला गेलेली असत. वर्गात काहीच कळत नाही. डोक्यावरून जातं.

"कुठल्या वर्गात?" मी विचारलं.

ती खाली बघत राहिली. मी फिजिऑलॉजी शिकवते. तिला माझाच वर्ग कळत नव्हता.

"अगं, मग मला पाचपैकी पाच का दिलेस?" माझा आवाज चढला. खरं तर राग माझा माझ्यावरच होता. तिच्या आई-वडिलांसमोर मी ती गोपनीयतेची हमीही मोडून बसले हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

"मॅडम, तुम्ही जिन्यात भेटला तरी हसून बोलता. तुम्हाला कमी मार्क कसं देणार? वाईट वाटलं असतं तुम्हाला."

कोपीतली ती बाई मला आठवली. सर माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही. ते हातातली तार निरखत होते.

"हिला वरनं हे काय लावलंय गं? रंग हाय का?"

"वॉर्निश, सर. ते नसलं तर शेजारच्या वेढ्याला करंट जातो आणि मोटार जळते."

"आन आपल्या नसंला?"

तिनं तार सरांच्या हातून घेतली. मग ती बोटानं दाखवत सांगू लागली. नसेवरचं वेष्टण, ते कुठे कुठे तुटक असतं, संदेश तिथून तिथे कसा उड्या मारत जातो, वेष्टण खराब झालं तर माणसाचं काय होतं. अस्सल इंदापुरी मराठीत, एकदाही न अडखळता. मी तेच वर्गात एक तास घालवून सांगितलं होतं आणि इतकं सोपं सांगितलं नव्हतं.

"मग कळत न्हाय कोन म्हनतं?"

"मराठीत कळतंय, सर. इंग्रजीत लिहिताच येत नाही."

"लिवायचं शिकवता येतं. कळायचं शिकवता येत न्हाय. काय बाई?"

मी मान हलवली. त्यावर तिनं दप्तरातून एक घडी घातलेला कागद काढला. डीनच्या नावे अर्ज. स्वखुशीने शिक्षण सोडत आहे. वडिलांनी तो वाचला आणि हातातला पाना खाली ठेवला. त्यांना हे पहिल्यांदाच कळत होतं. "तुज्या मनात नसंल तर आमची जबरदस्ती न्हाय," एवढंच ते म्हणाले.

आता सर समजूत घालतील, भाषण देतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त हात पुढे केला. "दे हिकडं. अर्ज तुजा हाय, तुजाच राहील. मी संबाळतो. पर रेघ खाली चाललेली असताना कसलाच निर्नय घ्यायचा न्हाय. रेघ आदी वर जाऊ दे. मग म्हनशील त्या दिवशी परत देतो, जा डीनकडं." असं म्हणून त्यांनी गाडीतला निळा डबा उघडला आणि अर्ज ताकाच्या बाटलीशेजारी सरकवला.

ती त्याच गाडीतून आमच्याबरोबर परत आली. मागच्या सीटवर काटा, गादी आणि ती. काझडच्या पुढे कुठेतरी मी मागे वळून बघितलं तर ती गादीला टेकून झोपली होती. मला एवढं हायसं वाटलं की मी सरांना विचारलं, ताक उरलंय का.

सोमवारी ती चाचणीला बसली आणि बेताचीच पास झाली. त्यानंतर रोज एक वाजता ती माझ्या खोलीत माझ्या डब्यातलं जेवायला येई. ती उत्तर मराठीत सांगे, मी विचारी, हे इंग्रजीत कसं लिहिशील, आणि घास गिळेपर्यंत दोघी एकेक वाक्य जुळवत असू. दर महिन्याला काट्यावर चढली की सर विचारत, "अर्ज पायजे का?" ती म्हणे, "राहू द्या अजून." ते तीन शब्द ऐकेपर्यंत मी दारातून हलत नसे. एका महिन्यात वजन अर्धा किलो घटलं तेव्हा मला वाटलं, आज मागणार. सर म्हणाले, "एका ठिपक्याला भिऊ नगा, बाई. बसा." आणि मी बसले, म्हणजे आधी चढले.

निबंध मी पुन्हा लिहिला. रुबिनाची परवानगी घेऊन, नाव न देता, त्यात लिहिलं की सर्वांत जास्त गुण देणारी विद्यार्थिनी सर्वांत अडचणीत होती आणि तिचा मेंटॉर मीच. परिषदेत अध्यक्ष म्हणाले की असं स्वतःबद्दल लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धतीनंच घोटाळा झाला होता. सरावाच्या वेळी आरशासमोर हे वाक्य नव्हतं.

वार्षिक परीक्षेत रुबिना सगळ्या विषयांत पास झाली. निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी दुकान बंद ठेवलं. त्यानंतर महिन्याभरात सर निवृत्त होऊन बावड्याला गेले. काटा मला देऊन गेले, डबा घेऊन गेले.

पुढच्या वर्षी मी प्रश्नावली मराठीत केली. कागदावर, बिननावाची, आकडाबिकडा काही नाही, पेटीत टाकायची. पेटी उघडली तेव्हा एका कागदावरचं अक्षर मी ओळखलं आणि ओळखलं नाही असं ठरवलं. 'मार्गदर्शक पुरेसा वेळ देतात' याला पाचपैकी दोन. 'मार्गदर्शकांचं बोलणं समजतं' याला दोन. शेरा असा: 'मॅडम भरभर बोलतात. मध्येच रागावतात. डब्यातली भाजी अळणी असते.'

मी तो कागद तीनदा वाचला. डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. मी लगेच सरांना फोन लावला.

"सर, मला दोन मिळाले!"

"कशात?"

"सगळ्यातच. भाजीसकट."

पलीकडे सर पोटभर हसले. "झालं मग. ब्येस झालं. आता भेत न्हाय ती."

"सर, आता तिला तिचा अर्ज देऊन टाका ना. फाडून तरी टाकू दे तिला."

सर खाकरले. मग ओशाळल्यासारखे म्हणाले, "त्येचं काय झालं बाई, बाटलीचं झाकन जरा सैल हुतं. पैल्याच आठवड्यात त्या अर्जाचा लगदा झाला. डबा धुताना मोरीत गेला."

"म्हणजे वर्षभर तुम्ही तिला दर महिन्याला विचारत होतात..."

"मागितला असता तर काय दिलं असतं, ह्या काळजीनं माजंच वजन दोन किलो उतरलं हुतं," सर म्हणाले. "कार्ड हाय माज्याकडं. कवाबी येऊन बघा."